'पार्टनर'च का म्हणता?

नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, आता आमच्याच गटातली तरुण मुलंही विचारायला लागलीत: "तुम्ही ज्याच्यासोबत राहता त्याला 'पार्टनर' का म्हणता? मराठीत शब्द नाहीत का? नवरा म्हणा, जोडीदार म्हणा." तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

आम्ही दोघं पुण्यात एकत्र राहायला लागलो तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुरतं शाबूत होतं. 'रूम पार्टनर' हा शब्द पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाच परका नाही. घरमालकांना तेच सांगितलं, त्यांनी पुढे काही विचारलं नाही. ऑफिसात मात्र पंचाईत. 'माझा' म्हटलं की पुरुष कळतो. म्हणून मी विभक्तीच्या आडून बोलायला शिकलो. 'माझा पार्टनर आजारी आहे' म्हणायचं नाही, 'माझ्या पार्टनरला बरं नाही' म्हणायचं. बाई की पुरुष, पत्ता लागत नाही. तेव्हा हा शब्द तुम्ही लपायला घेतलात, असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. पण लपलो नसतो तर भाड्याने घर कुणी दिलं असतं?

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. त्यानंतर मी 'माझा पार्टनर' असं उघड म्हणू लागलो. वाटलं, शब्द तोच असला तरी आता तो ताठ उभा राहिला.

मग एका रात्री त्याच्या पोटात असह्य दुखायला लागलं. अपेंडिक्स. तो शुद्धीवर होता, स्वतः सही करत होता, तरी हॉस्पिटलवाले नातेवाइकाची सही हवीच म्हणाले. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'पार्टनर' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "बिझनेस पार्टनर का?" मी म्हटलं, "नाही, आम्ही एकत्र राहतो." त्यांनी ते खोडलं, वर 'मित्र' लिहिलं आणि म्हणाल्या, "घरचं कुणी असेल तर बोलवा."

घरचा मीच होतो. कुठल्या औषधाने त्याच्या अंगावर पुरळ येतं, शुगरची गोळी कधी घेतली, हे मलाच माहीत होतं. त्याचा भाऊ साताऱ्याहून निघाला. तो पोचेपर्यंत मी पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होतो, आणि आत तो कळवळत होता. भाऊ आला, रकान्यात 'भाऊ' लिहिलं, सही केली, थेट आत गेला. दोन मिनिटांत परत बाहेर. "दादा, तुम्हीच चला. डॉक्टर औषधांचं विचारतायत, मला काय माहीत?"

'नवरा' लिहिलं असतं तर? हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. इतर कुठल्या नवऱ्याकडे कुणी लग्नाचा दाखला मागत नाही. माझ्याकडे मागितला असता, आणि तो मिळण्याची सोयच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लग्न हा मूलभूत हक्क नाही म्हणून सांगितलं आणि चेंडू संसदेकडे टोलवला. पुढच्या वर्षी केंद्राने संयुक्त बँक खातं, नॉमिनी, एकाच रेशनकार्डावर दोघांची नावं, एवढ्याला हरकत नसल्याचं कळवलं. तेवढ्याचाही आधार वाटतो, खोटं कशाला बोलू.

'जोडीदार' छान शब्द आहे. पण तो वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'अनुरूप' या शब्दामागे राहतो. 'माझा जोडीदार भाजी आणायला गेलाय' असं तुमच्यापैकी कोण म्हणतं?

तो स्वतः मात्र चारचौघांत बिनदिक्कत 'माझा नवरा' म्हणतो. शब्द आधी वापरायचा, कायदा मागून येईल, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, माझं त्याला पटत नाही, आणि यावरून आमचं खरंखुरं भांडण होतं. कधी वाटतं त्याचंच बरोबर असेल. मलाही तो शब्द हवाय, पण त्या काउंटरवर चालेल असा हवाय.