चार फुटांवर सापडलेली गुटख्याची पुडी

मार्चमध्ये पानशेत रस्त्याला डोंगरावरचा एक प्लॉट आम्हाला फार आवडला. पाच गुंठे, एनए झालेला, मागे डोंगर आणि समोर खडकवासल्याचं पाणी. कोथरूडच्या दोन खोल्यांत वीस वर्षं काढल्यावर असं काही समोर आलं की माणूस फारसे प्रश्न विचारत नाही. "मॅडम, असा व्ह्यू परत मिळायचा नाही," असं एजंट म्हणाला आणि आम्ही ५१ हजारांचं टोकन देऊन आलो.

नंतर माझ्या भावाने आग्रहच धरला की घराचा नकाशा काढण्याआधी जमीन भूशास्त्राच्या माणसाला दाखव. त्याच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक यायला तयार झाले. सर प्लॉटवर पोचले आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. दहा मिनिटं ते फक्त वर, डोंगराकडे बघत होते. आम्ही तीन वेळा तिथे जाऊन आलो होतो, पण वर एकदाही नीट बघितलं नव्हतं.

प्लॉट सपाट दिसत होता, कारण तो जेसीबीने सपाट केला होता. मागची बाजू कापायची, निघालेला मुरूम पुढे ढकलायचा, की झाली जागा तयार. सरांनी गवंड्याची पाण्याची नळी लावून प्लॉटच्या वरचा न कापलेला उतार टप्प्याटप्प्याने मोजला. पन्नास फुटांत चौदा फूट चढ भरला. आपल्या बांधकाम नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकाम करता येत नाही, म्हणजे पन्नास फुटांना दहा फूट. आमचा डोंगर त्याच्या बराच पुढे होता.

मग कापलेल्या भिंतीपाशी गेलो. साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर वीतभर जाडीचा तांबडा पट्टा होता, वर-खाली काळा दगड. सरांनी त्यातली चिमूटभर माती तळहातावर घेतली, बाटलीतलं पाणी टाकलं आणि मला चोळायला लावली. भिजलेल्या साबणासारखी बुळबुळीत! सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला हे शाळेत शिकलेलं असतं. दोन थरांच्या मधे कुठेकुठे असा तांबडा पट्टा असतो. वरच्या दगडाच्या भेगांतून उतरलेलं पाणी त्यावर अडतं आणि आडवं वाहून बाहेर पडतं. पट्टा भिजून मऊ झाला की वरचा भार सरकायला वाट मिळते. त्या पट्ट्याखाली दगडावर वाळलेलं शेवाळ होतं. मार्चच्या उन्हात ते मला नुसते काळे डाग वाटले होते.

शेजारी शेळ्या चारणारे एक आजोबा आमचं बोलणं ऐकत होते. "ताई, पावसाळ्यात हितनं तोटीवानी पानी येतंय. आन् तुमच्या प्लाटातनं ओघळ जायचा, त्यो बुजवलाय." सातबारावर ओघळ दिसत नाही, गावनकाशावर मात्र तो रेघेने दाखवलेला निघाला. नकाशा आम्ही नंतर काढला, आधी काढायला हवा होता.

शेवटी पुढच्या बाजूला, जिथे आमची बैठकीची खोली यायची होती, तिथे खड्डा घेतला. दोन फूट मुरूम, तीन फूट मुरूम आणि चार फुटांवर गुटख्याची एक चकचकीत पुडी. रंगसुद्धा उडाला नव्हता. म्हणजे आमची अर्धी जागा गेल्या काही वर्षांतला सैल भराव होती. बुजवलेल्या ओघळीचं पाणी त्याच भरावातून वाट काढणार, आणि वर आमचं घर. सर पुडीकडे बघून म्हणाले, "ह्यापुढे मी काही सांगायला नको."

मी सरकारी नकाशांचं विचारलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींच्या शक्यतेचे नकाशे केले आहेत, ते बघावेतच. पण ते १:५०,००० प्रमाणाचे आहेत, म्हणजे एका सेंटिमीटरला ५०० मीटर. आमचे पाच गुंठे त्यावर अर्ध्या मिलिमीटरचे. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहणंही खरं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, ती वाडी त्या यादीत नव्हती. आणि आमच्याच जिल्ह्यातलं माळीण? ३० जुलै २०१४ च्या सकाळी एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही. १५० हून अधिक माणसं गेली. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून रडले होते, आणि तरीही दहा वर्षांनी डोंगराकडे न बघता टोकन दिलं. ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टोकन परत मिळालं नाही. एजंट म्हणाला, रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत बांधा, सगळे तेच करतात. भिंतीमागचं पाणी बाहेर काढायला जागा नसेल तर तीच भिंत पाण्याच्या दाबाने फुगते, हे त्याला ठाऊक नसावं किंवा सांगायचं नसावं. त्याच रांगेत आता दोन बंगल्यांचे पाये खणलेत. मी दोन्ही कुटुंबांना भेटून खड्ड्याचे फोटो दाखवले. एकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सरांचा नंबर मागितला.

आम्ही सध्या डोंगराच्या पायथ्यापासून बरीच लांब, गावाला लागून असलेली एक जागा बघतोय. तिथे आधी खड्डा घेतला: दीड फूट माती, मग घट्ट मुरूम, सहा फुटांवर काळा दगड. तिथून खडकवासल्याचं पाणी दिसत नाही, डोंगर मात्र दिसतो. जुलैत चार दिवस सलग झड लागली की छत्री घेऊन तिथे जायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते बघायचं. तोवर एक रुपयासुद्धा द्यायचा नाही असं ठरलंय.