डिस्क भरली कशाने?
आज ऑफिसचा लिनक्स सर्व्हर अडून बसला. बिलं सेव्ह होईनात, आणि सगळ्यांचं एकच पालुपद: नवीन डिस्क मागवा. मी टर्मिनल उघडलं. डिस्कवर किती जागा उरलीय ते सांगणारी 'डीएफ' कमांड म्हणे डिस्क १०० टक्के भरलीय. 'डीयू' या दुसऱ्या कमांडने एकेका फोल्डरची जागा मोजली, तर बेरीज निम्मीसुद्धा भरेना. मग बाकीची जागा गेली कुठे?

अशा वेळी कोणता प्रोग्राम कोणती फाइल उघडून बसलाय ते दाखवणाऱ्या 'एलएसओएफ'ला विचारायचं. त्याने लगेच दाखवली एक अवाढव्य लॉग फाइल (प्रोग्रामच्या कामाच्या नोंदींची), पुढे कंसात 'डिलीटेड'. फाइल पुसली तरी एखादा प्रोग्राम ती उघडी धरून बसला असेल, तर लिनक्स जागा सोडत नाही. नाव जातं, डेटा तिथेच राहतो. डीयू नावं धरून मोजतं, त्याला ती दिसणार कशी? डीएफ थेट फाइल सिस्टिमलाच विचारतं. ती फाइल धरून बसलेली तेवढी एक सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि जागा मोकळी!

डीएफ, डीयू दोन्ही कमांड १९७१ च्या पहिल्या युनिक्समधल्या, म्हणजे लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या सिस्टिममधल्या. अजूनही रोज कामाला येतात, मला त्यांचं खरंच फार कौतुक वाटतं. ज्युनिअर मुलीला शेजारी बसवून सगळं तिच्याच हाताने करून घेतलं. जुन्या लॉग फाइल बाजूला काढून पुसणाऱ्या लॉगरोटेटमध्ये फाइल बदलल्याचं सर्व्हिसला कळवायची ओळच नव्हती, तीही तिने घातली.