याला तेल कुठून घालायचं?

डिसेंबर २०२२. आई साताऱ्याहून लीड्सला येऊन तीन आठवडे झाले होते. एका सकाळी घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरमधून कुणी गुळण्या करतंय असा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने आवाज थांबला आणि बॉयलरही. ज्यांना दर महिन्याला पैसे भरतो त्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला, तर माणूस चार दिवसांनी येणार म्हणे. आईचं वय ७४, आणि बैठकीच्या खोलीत ११ अंश.

आमचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा; तो गेला की नळाचं गरम पाणीही जातं. त्या बाबतीत आई आम्हा सगळ्यांपेक्षा निवांत होती. किटलीत पाणी तापवून बादलीत विसण घालून अंघोळ, त्यात काय एवढं? "तरी म्हणत होते, पाण्यात सोडायचा रॉड आणते म्हणून."

मी दुकानात गेले. लोक दाराशीच हीटरचे खोके उचलत होते. एकावर लिहिलेलं, 'ऊर्जेची बचत करणारा'. मला तिथेच हसू आलं. तारेचं वेटोळं तापवून उष्णता देणारा कुठलाही हीटर घ्या, एक युनिट वीज घेतो आणि एक युनिट उष्णता देतो. ३० पौंडांचाही तेवढीच, ३०० चाही तेवढीच. फरक पडतो तो ती उष्णता खोलीत कशी येते याने. पंख्याचा हीटर दोन मिनिटांत ऊब देतो, पण घरघरतो आणि बंद केला की लगेच गारठा. लाल नळ्यांचा समोर बसलेल्यालाच शेकतो, पाठ थंडच. तेलाचा रेडिएटर तापायला वीसेक मिनिटं खातो, पण आवाज नाही, आणि बंद केल्यावरही बराच वेळ कोमट राहतो. हीटर चालू ठेवून झोपू नये म्हणतात. म्हणून खोली आधी तापवायची, झोपताना बटण बंद करायचं आणि त्या उरलेल्या उबेत आईला झोप लागू द्यायची. माझ्यासाठी मुद्दा एवढाच होता.

नऊ पाकळ्यांचा, २ किलोवॅटचा, चाकांचा घेतला. शेजारी आकडे दाखवणारा, मोबाइलवरून चालणारा होता. नवऱ्याला तो हवा होता. मी साध्या गोल खटक्याचाच उचलला. २०२१ च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळात उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये काही घरं आठवड्याहून जास्त अंधारात होती. वीज गेली की दोन्ही हीटर सारखेच निकामी, ते खरं. पण ती परत आल्यावर साधा खटका आपोआप चालू होतो, आणि आकडेवाल्यांतले बरेचसे कुणीतरी बटण दाबायची वाट बघत बसतात.

खोक्यातून काढल्यावर आईने तो चहूबाजूंनी न्याहाळला. "अगं, याला तेल कुठून घालायचं?"

घालायचं नसतं, आत कायमचं बंद असतं, जळत नाही, नुसतं तापतं, हे समजावता समजावता माझी संध्याकाळ गेली. धातू तापताना टिक-टिक करायला लागला तेव्हा ती पुन्हा उठून बसली.

खर्चाचं सांगते. तेव्हा वीज साधारण ३४ पेन्स युनिट, गॅस १०.३. म्हणजे हीटर पूर्ण ताकदीने तासभर चालला की ६८ पेन्स, आणि तेवढीच ऊब गॅसने दिली असती तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. म्हणून अख्खं घर विजेवर तापवायचा विचारच सोडला. एक खोली ठरवली, दाराच्या फटीला जुनी गोधडी लावली, सगळे तिथेच जेवलो, तिथेच भांडलो. १८ अंशांवर आलं की हीटर आपला आपण बंद व्हायचा, त्यामुळे बिल मी घाबरले होते तेवढं आलं नाही. एक्सटेन्शनला मात्र लावू दिला नाही, भिंतीतल्या सॉकेटलाच. तरी तासाभराने प्लगला हात लावून बघत होतेच.

चौथ्या दिवशी माणूस आला. आमच्यासारख्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये धुरातल्या वाफेचं पाणी होतं; ते ज्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातं, तो भिंतीबाहेर गोठला होता. त्याने माझ्याच किटलीतलं कोमट पाणी त्यावर ओतलं आणि दहा मिनिटांत बॉयलर सुरू. हे फोनवर सांगता आलं नसतं का? आता त्या पाइपावर फोमचं जाड वेष्टण आहे.

हीटर जिन्याखाली असतो, आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला. दर ऑक्टोबरात बाहेर काढते, पाकळ्यांमधून ओला मोजा फिरवते, नीट वाळू देते आणि खिडकी उघडून तासभर चालवते. एका वर्षी मोजा फिरवायला विसरले, तर जळक्या धुळीच्या वासाने धुराचा अलार्म वाजला होता.