सेंबेईची नोंदवही : वाळवण बसलं, आता सोया सॉसकडे

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. मी तोक्योत राहते, सेंबेई, म्हणजे तांदळाची भाजलेली कुरकुरीत चकती, घरी करते, आणि सध्या माझं सगळं लक्ष चकतीत उरलेल्या पाण्यावर आहे. सॉस, तीळ, नोरी (समुद्री शेवाळाचा पातळ कागद), मिरची हे सगळं नंतरचं. इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात सेंबेईची अख्खी रांग असते आणि माणूस तिथे चवी मोजत उभा राहतो. पण दोन कंपन्यांची नुसती मिठाची सेंबेई शेजारी शेजारी ठेवून खा. मसाला तोच, तरी एक दातांखाली खळ्‌कन फुटते आणि दुसरी चावावी लागते. हा फरक भाजण्याच्या आधीच पडलेला असतो, वाळवताना.

तर हिवाळ्याची प्रगती. तोक्योचा जानेवारी वाळवणाला देवासारखा आहे. कोरडी ठणठणीत हवा, स्वच्छ ऊन, पावसाचं नाव नाही. सध्याची पद्धत अशी : जोशिनको, म्हणजे इथल्या रोजच्या भाताच्या तांदळाचं पीठ, किंचित मीठ घालून कढत पाण्यात कालवायचं, मुठीएवढे गोळे करून वाफवायचे आणि गरम असतानाच मळायचे. ज्यांनी मोदकाची उकड मळली आहे त्यांना यापुढे काही शिकवायला नको. फक्त मोदकाला उकड मऊ, लुसलुशीत हवी असते, इथे ती ओढली तर ताणली जाईल इतकी चिवट व्हायला हवी. मी ती मळून झाल्यावर खलबत्त्यात घालून कुटते. शेजाऱ्यांना आवाज जातो, म्हणून दुपारी.

मग प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये जाडसर लाटून वाटीने चकत्या पाडायच्या आणि जाळीवर पसरायच्या. एका बाजूने वाळल्या की कडा उचलायला लागतात, तेव्हा पलटायच्या. या हिवाळ्यातली खरी कमाई मात्र पुढच्या पायरीत आहे. अर्धवट वाळलेल्या चकत्या झाकणाच्या डब्यात एकावर एक रचून रात्रभर ठेवायच्या. बाहेरचा पृष्ठभाग कोरडा झालेला असतो, पोटात ओल असते. डब्यात ती ओल सगळीकडे सारखी पसरते. सकाळी झाकण काढलं की कालच्या कडक चकत्या परत थोड्या नरम लागतात. त्या मग दुसऱ्यांदा वाळवायच्या. मोठ्या कारखान्यांतही हेच चालतं : एक वाळवण, मध्ये विश्रांती, दुसरं वाळवण. विश्रांती गाळली की भाजताना चकती मधोमध तडकते.

थांबायचं कधी, हे बोटांनी कळतं असं सगळे सांगतात. मला वजनकाटा बरा वाटतो. माझ्या उकडीच्या प्रमाणात १०० ग्रॅम ओल्या चकत्या ६५ ग्रॅमच्या आसपास आल्या की पाणी साधारण १० ते १५ टक्क्यांत येतं आणि तिथेच भाजायला घ्यायच्या. पाणी जास्त राहिलं तर वरून करपते, आत चामडं. फार कमी राहिलं तर वाफच होत नाही, चकती फुगत नाही आणि कौल चावल्यागत होतं. सेंबेई फुगते ती आतल्या उरल्यासुरल्या पाण्याच्या वाफेवर. सोडा, पापडखार काही नाही.

भाजणं बघायला सोका गाठलं. कितासेंजूहून तोबूच्या गाडीने थोडकंच अंतर. एदो काळात (१६०३ ते १८६८) निक्कोकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं हे दुसरं मुक्कामाचं गाव, १६३० मध्ये वसवलेलं. आता सायतामा प्रांतातलं चांगलं मोठं शहर आहे. स्टेशनाबाहेर ओसेनबाईचा पुतळा आहे. तिची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच : रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत डांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, विकायची, उरलेले डांगो नदीत टाकताना एका वाटसरू सामुरायाने पाहिलं आणि सांगितलं, चपटे कर, वाळव, भाज. गोष्ट छान आहे, पण दंतकथाच. भात खाणाऱ्या मुलखात उरलेलं वाळवून ठेवायला कुणा सामुरायाने येऊन सांगावं लागतं, हे मला पटत नाही. सोकाच्या आसपास भातशेती होती, तांदूळ उरायचा, शेतकऱ्यांच्या घरी तो कुटून, मीठ घालून वाळवून ठेवायचे, आणि रस्त्यावर गिऱ्हाईक आयतं होतं. एवढं कारण पुरे.

सोया सॉस नंतर आला. आधीची सेंबेई पिठातच मीठ घातलेली असायची. नोदा आणि चोशी ही सोया सॉसची दोन मोठी गावं याच, तोक्योभोवतीच्या कांतो भागातली, पिंपं नदीतून नावांवर यायची. एदो काळाच्या उत्तरार्धात सॉस सर्रास मिळू लागला, तसा सेंबेईवर फिरवला जाऊ लागला. आज आपण जिला सेंबेईची चव म्हणतो, ती एका अर्थी नदीकाठच्या वाहतुकीची चव आहे.

सोकाच्या एका दुकानात बराच वेळ कारागिरासमोर उभी राहिले. कोळशाच्या निखाऱ्यांवर जाळी, जाळीवर चकत्या, आणि त्याच्या हातात ओशिगावारा : चिनीमातीचा, मुठीत मावेल असा दाबणा. चकती फुगायला लागली की दाब, पलट, पुन्हा दाब. मला आधी वाटायचं हे सपाट दिसावं म्हणून करतात. जवळून पाहिलं की कळतं, तो मोठे फुगे मोडून त्यांचे बारीक बारीक बुडबुडे करतो आहे. फुगा एका जागी राहिला तर तिथे पातळ पापुद्रा होऊन जळतो. दाबल्यावर वाफ कडेकडे पसरते आणि अख्खी चकती सारखी भाजली जाते. सोका सेंबेईचा तो कडक, ठसठशीत चावा इथून येतो. रंग यायला लागला की त्याचा हात इतका वेगात पलटायला लागतो की मोजता येत नाही. उतरवल्या उतरवल्या ब्रशने सॉस, आणि तो चर्र आवाज. गरम चकतीवर सॉसचं पाणी उडतं आणि खमंगपणा मागे राहतो. गार चकतीवर तोच सॉस नुसता खारट लागतो.

घरी ओशिगावारा नाही. सपाट बुडाची जड वाटी, फडक्यात धरून. चालतं. गॅसवर मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, भाजायची जाळी आहे, तिच्यावर ठेवण्याआधी चकत्या मंद आचेवर कोमट करून घेते, नाहीतर एकदम फुटतात.

आता चोशीची गंमत. तिथे नुरे सेंबेई मिळते, भाजून गरम असतानाच सॉसमध्ये बुडवलेली आणि मुद्दाम ओली, मऊ ठेवलेली. सादळलेलं खायचं म्हणजे आपल्याकडे नाक मुरडायचं काम. पहिला घास घेतल्यावर मला वाटलं पाकीटच खराब आहे. दुसऱ्या चकतीपासून मत बदललं. आतल्या भाजलेल्या तांदळाची चव सॉसमागे लपत नाही, उलट सावकाश उलगडते. या सेंबेईने एक रेल्वे वाचवली आहे, ही अतिशयोक्ती नाही. चोशीची स्थानिक रेल्वे जेमतेम ६.४ किलोमीटरची. कंपनी १९९५ पासून जोडधंदा म्हणून नुरे सेंबेई विकत होती. २००६ मध्ये गाड्यांच्या तपासणी-दुरुस्तीलाही पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी संकेतस्थळावर सरळ लिहिलं की सेंबेई विकत घ्या, आम्हाला दुरुस्तीचा खर्च काढायचा आहे. देशभरातून मागण्या आल्या. ती गाडी अजून धावते.

चिकट तांदळाकडे मी अजून पूर्ण वळलेले नाही, पण थोडं लिहायला हवं, कारण विचारणा बहुतेक त्याचीच होते. रोजच्या तांदळाची ती सेंबेई, चिकट मोची तांदळाची ती ओकाकी, आणि लहान तुकड्यांची आरारे. रोजच्या तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च साधारण पाचवा हिस्सा असतो, मोची तांदळात जवळपास नसतोच. म्हणून मोची जास्त फुलते आणि तोंडात विरते. तिचा गोळा मऊ असताना कापता येत नाही, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवून घट्ट करावा लागतो. माझ्या फ्रीजमध्ये त्याला जागा नाही, ही खरी अडचण.

याच घराण्यातलं सगळ्यात लोकप्रिय अपत्य म्हणजे काकी नो ताने, ती लाल-तपकिरी, तिखट, चंद्रकोरीच्या आकाराची. नागाओकाच्या नानिवाया कंपनीच्या इमाई योसाबुरो यांची ही करामत, साल १९२४. आरारे कापायचा लंबगोल धातूचा साचा पायाखाली येऊन चेपला, सरळ होईना, म्हणून तसाच वापरला. आकार पर्सिमन फळाच्या बीसारखा दिसतो असं गिऱ्हाईक म्हणालं आणि तेच नाव राहिलं. त्यांनी नावावर हक्क राखून ठेवला नाही, म्हणून आज कुणीही ती याच नावाने विकतं. शेंगदाणे नंतर मिसळले. ते कुणी पहिल्यांदा मिसळले यावर एकमत नाही, पण कामेदा कंपनीची शेंगदाण्यांची पाकिटं १९६६ पासूनची. त्यातलं प्रमाण वर्षानुवर्षं सहास चार होतं. लोकांचं मत घेऊन २०२० मध्ये ते सातास तीन केलं. शेंगदाणे कमी झाल्याचं मला अजून पचलेलं नाही. २०१७ मध्ये हीच काकी नो ताने जपानच्या अंतराळवीरांच्या अन्नाच्या यादीत गेली.

नानिवाया आणि कामेदा दोन्ही निईगाता प्रांतातल्या. तांदळाचं कोठार तिथे, आणि देशातल्या तांदळाच्या खाऊचा अर्ध्याहून जास्त माल तिथूनच निघतो. कामेदाची सुरुवात १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी मिळून केलेल्या पाकाच्या, मिझुआमेच्या उत्पादनाने झाली. आपल्याला जवळचं म्हणजे लेख राज जुनेजा हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ २०२२ मध्ये तिचे प्रमुख झाले. कामेदाच्या भागीदारीतून सुरू झालेला 'कारी कारी' हा तांदळाचा खाऊ भारतात हरयाणात बनतो. तिकडच्या मंडळींना वासाबी चवीची पहिली ओळख करून घ्यायला तो बरा.

चवींबद्दल माझं मत कडक आहे. सोया सॉस, मीठ, तीळ, नोरी, शिचिमी, म्हणजे सात जिनसांचा मिरचीचा मसाला, आणि झारामे, म्हणजे सॉसवर चिकटवलेली जाडी साखर. यांच्यावर भाजलेल्या तांदळाचा अधिकार दिसतो. सालादा म्हणून विकतात ती चव म्हणजे तेलाचा हात आणि मीठ, आणि तीही उत्तम, कारण लपवायला काही नसतं. चीज, करी, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ), मेंताइको (माशाची तिखट अंडी) खायला मजा येते, पण दोन वर्षांनी आठवत नाहीत. अपवाद हॅपी टर्न. १९७६ मध्ये, तेलसंकटानंतरच्या मंदीत, आनंद परत येवो म्हणून नाव ठेवलेली ही गोडसर-खारट पावडरची सेंबेई. पृष्ठभागावर पावडर धरून ठेवायला बारीक खोबणी केलेल्या असतात. बोटं चाटायला लावणारी वस्तू आहे, अभ्यास वगैरे बाजूला ठेवून खावी.

शाकाहारींनी पाकिटाची मागची बाजू वाचायलाच हवी. साध्या दिसणाऱ्या सेंबेईतही कात्सुओ, म्हणजे बोनिटो माशाचा अर्क, किंवा एबी, म्हणजे कोळंबी असते. चिकन अर्कही निघतो. घरी करण्याचं निम्मं सुख इथे आहे : कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकी शिताके अळिंबी भिजवून त्या पाण्यात सोया सॉस आणि थोडं मिरिन, म्हणजे स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू, आटवलं की मासा लागत नाही.

ज्यांना जोशिनको मिळत नाही त्यांनी इंद्रायणीची पिठी घ्यावी. गावाहून येताना आणलेली संपवली, मस्त झाली. बासमती कणीच्या पिठीची उकड चिवट होत नाही, भेगा पडतात. जुन्या तांदळाला पाणी थोडं जास्त लागतं.

पुढचं काम सॉसचं. एकदा लावलेला आणि परत जाळीवर धरून दुसऱ्यांदा लावलेला, यात फरक मोठा आहे, पण दुसऱ्या थराला साखर किती घालायची ते ठरायचंय. जूनमध्ये त्सुयुचा पाऊस सुरू झाला की बाल्कनी बंद, म्हणून तोवर वाळलेल्या, न भाजलेल्या चकत्या डबे भरून ठेवते आहे. भाजणं पावसातही होतं. कोकणात किंवा गोव्यात कुणी करणार असाल तर ओल्या आणि वाळलेल्या चकत्यांचं वजन टिपून कळवा. दमट हवेत किती वेळ लागतो ते मला हवंय.