कमलापूरचा टॉस

काल नेपाळमधल्या ललितपूरला सोळा वर्षांखालील मुलींच्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेची फायनल झाली. भारत-बांगलादेश १-१, मग पेनल्टी, आणि पेनल्टीत बांगलादेश ३-२ ने जिंकलं. त्यांची गोलकीपर येआरजान बेगम हिने आपल्या तीन किक अडवल्या. त्याबद्दल काही म्हणणं नाही, पोरगी भारीच खेळली. पण मी ढाक्यात नोकरीला, आणि इथे रविवार कामाचा दिवस. ऑफिसात सॅम्पलच्या टेबलावर एक मोबाइल ठेवलेला, त्याच्याभोवती सगळा मर्चंडायझिंग विभाग वाकलेला आणि त्यात भारताचा मी एकटा. शेवटची किक झाली तसे आमचे एक जुने सहकारी माझ्याकडे वळून गोड हसले आणि म्हणाले, "दादा, एबार टॉस लागलो ना!"

यावेळी टॉस लागला नाही. महिना उलटला तरी हा टॉस माझा पिच्छा सोडत नाही.

तिकडे ही बातमी कुठेतरी आतल्या पानावर आली असेल, म्हणून नीट सांगतो. ८ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आपली शनिवारची. ढाक्यातल्या उत्तरा भागातून मेट्रोने मोतीझील, तिथून रिक्षाने कमलापूरचं स्टेडियम. एकोणीस वर्षांखालील मुलींच्या सॅफची फायनल, तीही भारत-बांगलादेशच. आठव्याच मिनिटाला मणिपूरच्या सिबानी देवीने गोल मारला. मी उठून ओरडलो, आजूबाजूला बघितलं आणि बसलो. पुढे सगळा सामना आपण तो एक गोल सांभाळत काढला आणि इंज्युरी टाइममध्ये त्यांच्या सागरिकाने बरोबरी केली. साखळीतही तिने असाच अगदी शेवटी गोल करून आपल्याला हरवलं होतं. म्हणजे धडा मिळालेला होता, पण असो.

मग पेनल्टी. पाच-पाच झाल्या, सगळ्या आत. सहावी, सातवी, आठवी, सगळ्या आत. शेवटी दोन्ही गोलकीपरनीही मारल्या आणि त्याही आत गेल्या. ११-११. मोठमोठ्या नावांचे पाय जिथे थरथरतात, तिथे या शाळा-कॉलेजच्या वयाच्या पोरींनी बावीसच्या बावीस किक जाळ्यात घातल्या. माझ्या शेजारचा झालमुडीवाला, म्हणजे इकडचा भेळवाला, विकायचं सोडून उभा होता.

आणि इथे सामन्यावर देखरेख करणाऱ्या मॅच कमिशनर साहेबांनी दोन्ही कॅप्टन मध्ये बोलावल्या आणि नाणं उडवायला लावलं.

फुटबॉलच्या नियमावलीतला दहावा नियम मी आता इतक्या वेळा वाचलाय की झोपेत म्हणून दाखवीन. सगळ्यांच्या किक मारून झाल्या आणि तरी बरोबरी असली तर पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू, हवं तर क्रम बदला. निकाल लागेपर्यंत. नाणं उडवायचं ते पेनल्टी कुठल्या गोलवर घ्यायच्या आणि पहिली किक कुणाची, एवढं ठरवायला. नाण्यावर सामना जिंकायचे दिवस कधीच गेले. १९६८च्या युरो स्पर्धेत नेपल्सला इटली आणि सोव्हिएत संघाची सेमीफायनल टॉसवर सुटली होती, आणि मग १९७० मध्ये पेनल्टीचा नियम आला. त्यानंतर इतक्या वर्षांनी ढाक्यात कुणाला तरी १९६८ची आठवण झाली. बरं, या स्पर्धेच्या स्वतःच्या नियमांतही टॉस नव्हता. मग कमिशनर साहेबांनी तो आणला कुठून?

टॉस आपण जिंकलो. पोरी नाचल्या. बांगलादेशच्या मुली मैदानातून हलेनात, स्टँडमधून बाटल्या यायला लागल्या. मग कमिशनर साहेब म्हणाले, टॉस रद्द, पेनल्टी पुढे चालू. तोवर आपली टीम मैदान सोडून गेली होती. ती परत आलीच नाही. शेवटी दोघांनाही विजेते जाहीर केलं.

आता ऑफिसातला वाद असा की भारत पळाला. पळाला? ज्या पोरींना भर मैदानात अधिकाऱ्याने सांगितलं की तुम्ही जिंकलात, त्यांनी बाटल्या पडत असताना परत येऊन पुन्हा किक मारायच्या? यातल्या मणिपूरच्या पोरींची घरं मे २०२३पासून हिंसाचाराच्या कसल्या वातावरणात होती हे तरी माहीत आहे का यांना? मी हे टेबलावर हात आपटून बोललो. खरं सांगायचं तर परत यायला हवं होतं असं मला सीएनजीतून (इथली ऑटोरिक्षा) घरी जाताना वाटत होतं, पण ते इथे कबूल करणार नाही.

बाटल्यांचं मला नवल नाही. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलेला माणूस, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्याला काय काय उडतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढी गर्दी मुलींच्या सामन्याला होती. बुरख्यातल्या आया, लुंगीतले आजोबा, कारखान्यातून थेट आलेल्या शिलाईच्या पोरी. २०२२ मध्ये काठमांडूला बांगलादेशच्या सीनियर मुलींनी सॅफ जिंकलं तेव्हा त्यांची उघड्या बसमधून मिरवणूक काढली होती, विमानतळापासून रस्ते तुडुंब. मैमनसिंगच्या सीमेजवळ कलसिंदूर नावाचं खेडं आहे, तिथल्या प्राथमिक शाळेतून नॅशनल टीमच्या पोरी निघाल्या. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे जीव, पण पुरुषांचा. मुलींच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरलेलं मी तरी पाहिलं नाही. मात्र हे मी ऑफिसात बोलत नाही. तिथे मी अनिकेत जाधव सांगतो, २०१७चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप, कोल्हापूरचा पोरगा.

आज सकाळी ऑफिसात टांगाइलचे चमचम, म्हणजे इथली मिठाई, आले. रोजे तोंडावर आहेत, म्हणून सगळ्यांनी दाबून खाल्ले, मीही. तोंड भरलेलं असतानाच आमचे सहकारी पुन्हा म्हणाले की कमलापूरला दुसरी फेरी झाली असती तर निकाल काय लागला असता ते काल दिसलंच. मी म्हटलं, काल सोळा वर्षांखालच्या होत्या, टीम वेगळी, गोलकीपर वेगळी, मैदान नेपाळमधलं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ते म्हणाले, "ठीक आछे दादा," आणि डबा पुढे केला.