मॅनहॅटनची वसुली

भाच्याने पुण्यात नवीन मशीन घेतलं आणि जुनं पीएसफोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, दिवाळीत माझ्याकडे आणून ठेवलं. "मामा, तुला टाइमपास." सोबत एकच डिस्क होती, मार्व्हल्स स्पायडर-मॅन, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात घडणारा २०१८ सालचा गेम. मी चाळिशी ओलांडलेला माणूस. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या एका व्यापाऱ्याकडे ऑर्डर घेणं आणि वसुली करणं हे माझं काम. सकाळी दहाला गाडी काढली की अशोक चौक, साखर पेठ, नवी पेठ, सात रस्ता, कधी अक्कलकोट रोडची एमआयडीसी. गेम म्हणजे मोबाईलवरचा कॅरम, एवढीच माझी पोच.

पहिली अडचण गेमची नव्हतीच. आमच्या गल्लीत तीन घरांत यंत्रमाग आहेत. खिडकी उघडी राहिली की कापसाची बारीक लव आत येते. टीव्हीवर, पंख्याच्या पात्यांवर, देवाच्या फोटोवर, सगळीकडे. महिन्याभरात मशीन असं घरघरायला लागलं की आई म्हणाली, "रात्रीचा कुणाचा माग चालू झाला रे?" उघडून बघतो तर आतल्या पंख्यावर पांढरी गादी. मागवाल्या शेजाऱ्याकडे कॉम्प्रेसर असतो, त्याच्याकडून हवा मारून घेतली. आधी पंख्यात काडी अडकवायची, नाहीतर हवेच्या झोताने तो गरागरा फिरून बिघडतो, हे त्यानेच सांगितलं. तेव्हापासून मशीनवर नॅपकिन झाकून ठेवतो. चालू करताना काढायचा, हे मात्र दोनदा विसरलो.

दुसरी अडचण कंट्रोलरची. भाच्याने वापरून वापरून डावी स्टिक झिजवलेली. चहाचा घोट घ्यायला हात सोडला की स्पायडरमॅन आपला आपण चालत गच्चीच्या कडेवरून खाली. मोबाईल दुरुस्तीवाल्याने स्प्रे मारून दिला, तो आठ दिवस टिकला. मग स्टिकच बदलली. आणि लाईट! इन्व्हर्टर आहे, पण लाईट जाऊन तो सुरू होईपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात मशीन बंद. परत चालू केलं की नीट बंद का केलं नाही म्हणून तेच आपल्याला झापतं. गेम स्वतःहून सेव्ह होतो खरा, पण मिशनच्या मध्यावर लाईट गेली की पुष्कळदा अर्धी मारामारी पुन्हा.

आता खरं सांगायचं ते उडण्याबद्दल. उडणं नव्हे, झोके. कंट्रोलरवरचं आर टू बटण दाबून धरलं की जाळं सुटतं, समोरच्या बिल्डिंगला चिकटतं आणि हा लोंबकळत पुढे जातो. सुरुवातीला मी बटण दाबून धरायचो आणि सोडायचोच नाही. ना वेग ना उंची, मी आपला पाळण्यात बसवून विसरलेल्या पोरासारखा. भाचा फोनवर ओरडायचा, "मामा, सोड! वेळेवर सोड!" सगळी मेख सोडण्यात आहे. झोका खाली आलेला असताना सोडला तर वेग मिळतो, वर चढताना सोडला तर उंची. वरून सूर मारून रस्त्याला टेकता टेकता जाळं टाकलं तर पोटात जो गोळा येतो तो गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात येतो तसाच. पहिले चार दिवस मला चक्कर यायची. जेवण झाल्या झाल्या खेळू नये, एवढा सल्ला देतो.

आणि जाळं हवेत चिकटत नाही. बिल्डिंग पाहिजे. सेंट्रल पार्कात गेलं की सगळा डौल जातो, झाडांना धरून धरून माकडासारखं जावं लागतं. नदीवर काहीच नाही, थेट पाण्यात. म्हणून हा गेम मॅनहॅटनमध्येच शोभतो. दुसऱ्या दिवशी गाडीवरून जाताना मी उगीच वर बघत होतो, आपल्याकडे कुठे चिकटेल म्हणून. जुन्या गिरणीची चिमणी, ठीक आहे. त्यानंतर? होटगी रोडला साखर कारखान्याची उंच चिमणी होती, तीही २०२३ मध्ये विमानतळासाठी पाडली. सोलापुरात स्पायडरमॅन आला तर त्याला सिटी बसच धरावी लागेल.

गेममधलं बाकी काम बघून मात्र मी हसलो. नऊ भाग आहेत, हार्लेमपासून खाली फायनान्शियल डिस्ट्रिक्टपर्यंत. प्रत्येक भागात आधी पोलिसांच्या टॉवरवर जाऊन लहरी जुळवायच्या, मग नकाशावर कामं दिसतात. शहरभर चिकटवून ठेवलेल्या ५५ बॅगा गोळा करायच्या. एम्पायर स्टेटसारख्या इमारतींचे फोटो काढायचे. गुंडांचे अड्डे, चोरीच्या गाड्या, स्पायडरमॅनच्या मित्राची, हॅरीची, संशोधन केंद्रं. प्रत्येक कामाचं टोकन, टोकनं साठली की नवीन पोशाख. पुष्कळ लोक अशा कामांना कंटाळतात म्हणे. मला काय कंटाळा? मी दिवसभर तेच करतो. इकडून बिल, तिकडून चेक, अमक्याकडे सॅम्पल टाक. उलट बॅग आपल्या जागेवर असते, "शेठ बाहेर गेलेत, सोमवारी या" असं म्हणत नाही. पंधरा दिवसांत ५५ च्या ५५ जमा केल्या. भाच्याच्या ३९ वरच राहिल्या होत्या.

एक गोष्ट मला फार आवडली. झोके घेत असताना पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला, फोन येतो. तेव्हा तो धापा टाकत बोलतो, आणि गच्चीवर उभा असला तर तेच वाक्य शांतपणे. संवाद दोन्ही प्रकारे रेकॉर्ड केले आहेत. हेल्मेटच्या आत मोबाईल खुपसून, विजापूर रोडच्या ट्रॅफिकमधून मालकाशी बोलणाऱ्याला यातली मेहनत कळते.

मारामारीत मी कच्चा. सुरुवातीलाच फिस्क नावाचा धिप्पाड माणूस येतो, त्याने मला तीनदा लोळवलं. डोक्याभोवती पांढऱ्या रेघा दिसल्या की गोल बटण दाबून चुकवायचं, पण मी रेघा बघेपर्यंत ठोसा बसलेला. शेवटी सगळ्यात सोपी, फ्रेंडली नावाची पातळी लावली. भाचा म्हणाला, ती लहान पोरांची आहे. असू दे. पीटरची पत्रकार मैत्रीण मेरी जेन, तिला घेऊन लपत छपत जायची मिशनं मात्र सोप्या पातळीवरही रटाळच. झोके शिकवून झाल्यावर माणसाला खोक्यामागे लपायला लावणं म्हणजे पंगतीत बसवून पाण्याचे ग्लास भरायला उठवणं.

रात्री आई माळ घेऊन शेजारी बसायची. तिचा पहिलाच प्रश्न, "ही मे त्याची कोण? मावशी का आत्या?" गेममध्ये नुसतं आंट मे. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ, आणि ही बेनची बायको. "म्हणजे काकू," आई म्हणाली आणि तिथून पुढे ती मेकाकूच झाली. पीटर यात २३ वर्षांचा आहे, आठ वर्षं स्पायडरमॅनगिरी करतोय आणि भाडं थकलंय. एके दिवशी त्याला घराबाहेर काढतात, सामान कचऱ्याच्या गाडीत. तो शहरभर कचऱ्याच्या गाड्यांमागे झोके घेत फिरतो. माझ्यातला वसुलीवाला घरमालकाच्या बाजूने होता, आई अर्थातच पीटरच्या. "काकूकडे राहायला जा म्हणावं," ती टीव्हीला सांगायची. शेवटी काकूचं काय होतं ते इथे सांगत नाही. तो प्रसंग संपला तेव्हा आई पाणी प्यायला उठली आणि बराच वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "दुसरं काही नाही का रे त्या डबड्यात?"

गोष्ट संपली तरी १२ कबुतरं राहिली होती. हॉवर्ड नावाचा बेघर म्हातारा आहे, त्याची कबुतरं शहरात पळालेली. एकेक कबुतर हेरायचं आणि बिल्डिंगांमधून पाठलाग करून पकडायचं. फक्त झोके, मारामारी नाही. आमच्या मागच्या गच्चीवर कबुतरं पाळणारा एक जण आहे, संध्याकाळी शिट्टी मारली की सगळी गोल फिरून खाली उतरतात. मला वाटायचं हॉवर्डला ती शिट्टी कुणी शिकवायला हवी. शेवटचं कबुतर मी संक्रांतीच्या आदल्या रात्री पकडलं. त्याला दिलं, नकाशावरची ती शेवटची खूण गेली.

आता नकाशात एकही काम बाकी नाही. तरी जेवणानंतर तासाभराने मशीनवरचा नॅपकिन काढतो आणि हार्लेमपासून खाली फायनान्शियल डिस्ट्रिक्टपर्यंत जातो, वाटेत कुठेही पाय जमिनीला न लावता. टाचा टेकल्या तर बाद, हा माझाच नियम. परवा सेंट्रल पार्कात एक झाड हुकलं. परत हार्लेमला.