सत्तरीच्या कुळागरांत चार दिवस: उंदरांवरच्या माइटच्या शोधात

पणजीहून साखळीमार्गे बसने सत्तरी तालुक्यातल्या वाळपईला पोचले, तेव्हा हातात उंदरांचे पंचवीस सापळे होते आणि पकडलेले उंदीर ठेवायच्या पिशव्या फक्त वीस. ही पाच पिशव्यांची तूट पुढे फार महागात पडली.

नोव्हेंबर मुद्दाम निवडला होता. पाऊस सरलेला, माती ओलसर, गवत गुडघाभर. मी शोधत होते ते चिगर माइट, गोचिडींच्या गणगोतातले अतिसूक्ष्म जीव. त्यांच्या फक्त अळ्या परजीवी असतात. त्या गवताच्या टोकाशी चढून प्राण्याची वाट बघतात. मोठे झाल्यावर ते मातीत राहतात आणि दुसऱ्या किड्यांची अंडी खातात. शिवाय सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो पसरवणाऱ्या गोचिडींचा जोर पुढच्या कोरड्या महिन्यांत असतो, म्हणून मी डिसेंबरच्या आत काम आटोपते.

सापळे एका कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला, पोफळी संपून काजू सुरू होतात तिथे लावले. मालकीणकाकींनी विचारलं, "अगो, उंदरांसाठी एवढ्या लांबून आलीस?" कारण सांगितल्यावर त्यांनीच सुक्या बांगड्याचे तुकडे आणून दिले. आमच्या सुक्या खोबऱ्याला रात्रभर मुंग्या लागत होत्या, बांगड्याने काम झालं. सापळे पहाटेच उचला. ऊन चढलं की ॲल्युमिनियमच्या डब्यात प्राणी तडफडून मरतो.

तिसऱ्या सापळ्यातल्या उंदराचा कान भिंगाखाली धरला. पाळीच्या आतल्या घडीत केशरी दाणे दाटीने बसले होते, नाचणीच्या दाण्याहून कितीतरी लहान. प्रत्येक दाणा म्हणजे तोंड कातडीत रोवलेली सहा पायांची अळी. ती रक्त पीत नाही, लाळेने विरघळवलेल्या पेशींचा रस शोषते. ओढून काढली तर तोंड तिथेच तुटतं, म्हणून बारीक चिमट्याने तळाशी धरून अलगद सोडवायची. अंगावरचे लीलॅप्स नावाचे दुसरे माइट मात्र तपकिरी, चपळ; पांढऱ्या ताटावर ब्रश फिरवला की पळताना दिसतात.

दुसऱ्या दिवशी पिशव्या संपल्या आणि मी दोन उंदीर एकाच पिशवीत घातले. एक घुशीच्या जातीतला, एक काळा उंदीर. तळाशी गळून पडलेल्या अळ्यांमध्ये एक वेगळी निघाली. चिगरच्या पाठीवर स्कुटम नावाची छोटी ढाल असते. लेप्टोट्रॉम्बिडियम या चिगरच्या प्रजातीत तिच्यावर पिसांसारखे पाच केस आणि दोन लांब, बारीक संवेदक केस असतात. या अळीच्या मागच्या कोपऱ्यांतल्या केसांची लांबी कुठल्याच वर्णनाशी जुळेना. पण ती कुणाच्या अंगावरची? उत्तर नाही. यजमान (ज्याच्या अंगावर अळी जगते तो प्राणी) ठाऊक नसलेल्या अशा एकट्या नमुन्यावर मी नव्या जातीचं वर्णन उभं करणार नाही. शेवटच्या रात्री त्याच कडेला पुन्हा सापळे लावले. पहाटे पाच काळे उंदीर मिळाले, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, आणि त्यांतल्या दोघांच्या कानांत तसेच दाणे होते.

जाणाऱ्यांनी एवढं नक्की करावं. प्रत्येक प्राण्याला स्वतःची पांढरी सुती पिशवी, सापळ्यांहून जास्त. यजमानाचं वजन, शेपूट, मागचं पाऊल, कान मोजून फोटो काढा. लेबल पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. माइट ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, पण डीएनएसाठी काही थेट ९५ टक्क्यांच्या वर. हॉयर माध्यमात (माइट काचेवर बसवायच्या चिकट द्रवात) बनवलेल्या स्लाइड गोव्याच्या दमट हवेत पाणी ओढतात, म्हणून ४५ अंशांच्या आसपास आठवडाभर वाळवा आणि कडेने सील करा.

म्हादई अभयारण्यात शिरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. बाहेरही वन खात्याला आधी विचारा. वन्यजीव कायद्यात उंदरांना उपद्रवी म्हणणारं परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीत वगळलं गेलं, त्यामुळे जुन्या समजुतीवर जाऊ नका. संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरीही हवीच.

पँट मोज्यात खोचा, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक लावा, उंदीर हाताळताना हातमोजे घाला. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर उंदरांवर काम केल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. चिगरच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस हा ताप डॉक्सिसायक्लिन या औषधाने बरा होतो, पण उशीर जिवावर बेततो.

स्लाइड आता वाळताहेत. दहाएक अळ्यांची मापं जुळली, तर त्यांतली एक नव्या जातीचा नामधारक नमुना (जिच्यावर जातीचं नाव ठरतं ती अळी) ठरेल आणि कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे जाईल. काकींनी जानेवारीत पुन्हा बोलावलंय, पण मी पुढचा पाऊस सरल्यावरच जाईन, चाळीस पिशव्या घेऊन.